होम थिएटरला तीन लाइनी कशाला?

फ्लॅटचं काम सुरू असतं, भिंती फोडलेल्या असतात, आणि कुणीतरी सल्ला देतं: होम थिएटर करताय ना, मग टीव्हीला वेगळी लाइन, अॅम्प्लिफायरला वेगळी, सबवूफरला (खर्जातल्या आवाजाच्या स्पीकरला) तिसरी ओढून घ्या. आवाज एकदम क्लीन येईल! वायरमनची त्याला ना नसतेच, त्याला पॉइंटमागे पैसे मिळतात.

स्वतंत्र लाइनीचा आग्रह मुळात अमेरिकेतल्या घरांना शोभतो. तिथे १२० व्होल्ट आणि नेहमीचं सर्किट १५ अँपिअरचं, म्हणजे १८०० वॉट. त्याच सर्किटवर कुणी हीटर लावला की ब्रेकर पडायची वेळ येते. आपल्याकडे २३० व्होल्ट, त्यामुळे १६ अँपिअरचं एक सर्किट ३६८० वॉटपर्यंत जातं. आता सामान मोजा. ५५ इंची टीव्ही शंभर-दीडशे वॉट, सेट-टॉप बॉक्स दहा-पंधरा, अॅम्प्लिफायरच्या मागच्या पाटीवर चार-पाचशे, सबवूफर तीनशे. खोक्यावर छापलेले हजारो वॉट पीएमपीओ सोडून द्या, तो निव्वळ जाहिरातीचा आकडा. सगळं मिळून पाच अँपिअरसुद्धा होत नाहीत. अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरवर १५ मीटर अंतरात एवढ्या करंटला व्होल्टेज पडतं जेमतेम एक व्होल्ट. एसी आणि गिझर तेवढे या सर्किटवर नकोत, बस्स.

खरी गंमत पुढे आहे. वेगळ्या लाइनींनी आवाज सुधारत तर नाहीच, उलट बिघडू शकतो.

समजा अॅम्प्लिफायर टीव्हीखालच्या बोर्डवर आहे आणि सबवूफर समोरच्या भिंतीवरच्या, दुसऱ्या सर्किटच्या बोर्डवर. दोघांचे प्लग तीन पिनांचे. दोन्ही बोर्डांच्या अर्थिंगच्या वायरी थेट डीबीपर्यंत (घरातल्या ब्रेकरांच्या मुख्य पेटीपर्यंत) जाऊन तिथे एकत्र येतात. आता या दोन उपकरणांत ऑडिओची केबल जोडली की तिची बाहेरची जाळी दोघांचे पत्रे जोडते आणि एक भलंमोठं वेटोळं पूर्ण होतं: डीबी, भिंत, अॅम्प्लिफायर, केबल, सबवूफर, भिंत, पुन्हा डीबी. घरातल्या वायरींभोवती ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र असतंच. फॅरेडेच्या नियमाप्रमाणे या वेटोळ्यात व्होल्टेज तयार होतं, आणि वेटोळं जितकं ऐसपैस तितकं ते जास्त. त्यात फ्रिज, कॉम्प्युटर यांच्या गळतीचा मिलिअँपिअरभर करंट अर्थिंगमधून वाहत असतो, म्हणून दोन बोर्डांची ‘अर्थ’ अगदी तंतोतंत एका पातळीवर नसते. हा सगळा करंट केबलच्या जाळीतून फिरतो. जाळीचा रोध ०.१ ओहम आणि करंट १० मिलिअँपिअर धरला, तर जाळीच्या दोन टोकांत एक मिलिव्होल्ट आला. जाळी हीच सिग्नलची परतीची वाट असल्यामुळे तो मिलिव्होल्ट थेट सिग्नलमध्ये मिसळतो आणि सबवूफरमधून घूंऽऽ असा आवाज निघतो.

एक मिलिव्होल्ट म्हणजे किस झाड की पत्ती? पण ३०० मिलिव्होल्टला सबवूफर पूर्ण ताकदीने वाजत असेल, तर हा त्याच्या तीनशेवा भाग, म्हणजे ५० डेसिबल खाली. पूर्ण आवाज १०० डेसिबल असला तर ही घूंऽऽ ५० डेसिबलची. ५० हर्ट्झचा सूर ऐकू यायला कानाला साधारण ४४ डेसिबल लागतात. म्हणून दिवसा ती जाणवत नाही आणि रात्री सिनेमातल्या शांत प्रसंगात नेमकी ऐकू येते. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी ती जात नाही, कारण ती व्हॉल्यूमच्या बटणानंतर, केबलमध्ये शिरलेली असते.

उपाय फुकटातला आहे. दोन्ही प्लग एकाच बोर्डवर लावा. मग दोन्ही अर्थ एकाच जागी मिळतात आणि वेटोळं केबलीपुरतंच उरतं. (वास्तुशास्त्राप्रमाणे अग्नितत्त्व म्हणून टीव्ही आग्नेयेला आणि सबवूफर जागा उरली तिथे, अशी मांडणी मी पाहिली आहे. फॅरेडेला दिशा कळत नाहीत, वेटोळ्याचं क्षेत्रफळ कळतं.) वीस-वीस हजारांच्या पॉवर केबलींनीही या घूंऽऽला काही होत नाही, भिंतीतली वायर तीच राहते.

काही जण सबवूफरच्या प्लगची अर्थची पिनच काढून टाकतात. घूंऽऽ थांबते खरी. पण ऑडिओ केबल काढली की आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरांमुळे बॉडी अर्ध्या व्होल्टेजवर तरंगू शकते, टेस्टर मंद पेटतो, हाताला झिणझिण्या येतात. इथवर ठीक म्हणू. उद्या आत फेजची वायर सुटून बॉडीला टेकली, तर करंटला वाट एकच उरते: ती ऑडिओ केबलची बारीक जाळी. आणि केबल काढायला गेलेला माणूस.

एका बोर्डवर आणूनही आवाज राहिला, तर टीव्हीची कोअॅक्सियल केबल काढून पाहा. जिन्यातून येणारी ही केबल स्वतःची वेगळी अर्थ घेऊन घरात शिरते. आवाज थांबला तर तिच्यात आयसोलेटर (सिग्नल जाऊ देणारा, पण अर्थची जोडणी तोडणारा तुकडा) घालता येतो. डीटीएच असेल तर नेहमीचा आयसोलेटर चालत नाही, कारण छत्रीवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या डबीला) लागणारी डीसी वीज त्याच केबलमधून वर जाते. तिथे सबवूफरच्या केबलमध्ये छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो. तो फार स्वस्तातला घेऊ नका, २०-३० हर्ट्झचा खालचा भाग तो खाऊन टाकतो, आणि सबवूफर घेतला होता त्याचसाठी.