बरवे, प्रभाकर
(16 मार्च 1936 – 6 डिसेंबर 1995). अमूर्ताची स्वतंत्र वाट चोखाळणारे आधुनिक मराठी चित्रकार. जन्म अलिबागजवळच्या नागाव येथे. कला घरातच होती. वडील मुंबईच्या चित्रपट स्टुडिओंत कलाकार म्हणून काम करीत आणि प्रसिद्ध शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर नात्याने आजोबा लागत. पुण्यातील शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा घडविणाऱ्या करमरकरांचे सासवणे हे गावही याच किनाऱ्यावर असून तेथे त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे.

मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतील शिक्षण 1959 मध्ये संपवून बरवे 1961 मध्ये हातमाग कापडासाठी नक्षी तयार करणाऱ्या सरकारी विणकर सेवा केंद्रात नोकरीला लागले. सुरुवातीची काही वर्षे वाराणसीत गेली. तेथील तंत्रसाधनेतील आकृती आणि प्रतीके त्या काळातील चित्रांत ठळकपणे दिसतात. मुंबईला परतल्यावर तो प्रभाव हळूहळू ओसरला.

बरव्यांची खरी ओळख त्यानंतरच्या चित्रांत आहे. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांनी वस्तूला चित्राबाहेर ठेवले. बरव्यांनी ती आत घेतली, पण तिचे नेहमीचे संदर्भ काढून टाकले. पान, शिंपला, ढग, फळ, घड्याळ, सेफ्टी पिन अशा साध्या वस्तू त्यांच्या चित्रांत मोकळ्या अवकाशात सुट्या असतात. त्यांना ना जमीन, ना क्षितिज. पान पानासारखेच दिसते, तरी ते कुठल्या झाडाचे हा प्रश्न मनात येत नाही. त्याची कड, त्याचा बाक आणि शेजारच्या आकारापासूनचे अंतर यांवरच नजर खिळते. म्हणून ओळखीच्या वस्तू असूनही ही चित्रे अमूर्ताच्या अंगाने पाहावी लागतात. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाची निसर्गाकडे पाहण्याची सवय त्यांत जाणवते. निसर्गदृश्य मात्र ते रंगवीत नाहीत.

माध्यमही या दृष्टीला साजेसे होते. कॅनव्हासवर ते एनॅमल रंग वापरीत. हा रंग वाळताना आपोआप सपाट बसतो आणि कुंचल्याचे फटकारे जवळजवळ पुसले जातात. राखाडी, तपकिरी अशा संयत छटांच्या त्या गुळगुळीत पृष्ठभागावर आकाराची कड नेमकी उमटते.

ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना 1976 मध्ये मिळाला. ते नियमित डायरी लिहीत. तिच्यात टिपणांसोबत रेखाटनेही असत. आकार, अवकाश आणि वस्तू यांविषयीचे त्यांचे चिंतन ‘कोरा कॅनव्हास’ (1990) या पुस्तकात आले आहे. चित्रकाराने स्वतःच्या निर्मितिप्रक्रियेविषयी मराठीत इतके बारकाईने लिहिल्याची उदाहरणे थोडी आहेत.