सगळ्यात धीमी डिस्क वेग ठरवते

व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभा केलेला आभासी संगणक) रखडतंय अशी तक्रार आली की बहुतेक जण आधी एक मोठी फाईल लिहून पाहतात. सेकंदाला पाचशे-सहाशे एमबीचा आकडा दिसतो आणि स्टोरेज ठणठणीत आहे असं ठरवून मोकळे होतात. आत डेटाबेस मात्र एकेका नोंदीसाठी ताटकळत असतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. त्या कशा, हे कळलं की अर्धं निदान झालंच म्हणायचं.

मोठी फाईल लिहिताना अनेक विनंत्या एकाच वेळी वाटेत असतात, त्यामुळे एकेकीला किती वेळ लागला ते झाकलं जातं. डेटाबेसला ही मुभा नसते. व्यवहार पक्का करताना तो काही केबींचा तुकडा लिहितो, तो डिस्कवर खरोखर उतरल्याचा होकार येईपर्यंत थांबतो आणि मगच पुढे सरकतो. समजा होकार यायला 1 मिलिसेकंद लागला. मग एकामागून एक अशी सेकंदाला फार तर 1,000 लेखनं होतील, आणि प्रत्येक 4 केबीचं धरलं तर वेग भरतो सेकंदाला जेमतेम 4 एमबी. डिस्कपर्यंतचं नेटवर्क दसपट रुंद केलं तरी हा आकडा फारसा हलत नाही. एका विनंतीच्या जाण्यायेण्याला लागणारा वेळ, म्हणजे लेटन्सी, कमी झाली तरच तो हलतो.

हा वेळ जातो कुठे? सेफ हे उदाहरण घेऊ; अनेक सर्व्हरांमधल्या डिस्क जोडून त्यांचा एकच सामाईक साठा, म्हणजे क्लस्टर, बनवणारं हे सॉफ्टवेअर. सेज वाइल यांच्या सांताक्रूझ इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधनातून ते उभं राहिलं, 2006 मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला आणि आज व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क ठेवायला ते सर्रास वापरलं जातं. सेफ अशा डिस्कचे सहसा 4 एमबीचे तुकडे करतं; 100 जीबीच्या डिस्कचे 25,600. कोणता तुकडा कुठे ठेवायचा हे गणिताने ठरतं, त्यामुळे ते क्लस्टरभर विखुरतात. प्रत्येक तुकड्याच्या साधारणपणे 3 प्रती असतात. मशीनने काही लिहिलं की ते आधी मुख्य प्रतीच्या डिस्ककडे जातं, तिथून नेटवर्कवरून उरलेल्या दोन डिस्कांकडे. तिन्हींनी लिहून घेतल्यावरच मशीनला होकार मिळतो. वीज गेली तरी डेटा शाबूत राहावा म्हणून हे असंच हवं. पण याचा अर्थ असा, की त्या तिघींत जी सगळ्यात धीमी, तिच्या वेगाने तुमचं लेखन होतं.

याचं गणित करून पाहण्यासारखं आहे. क्लस्टरमध्ये सारख्याच आकाराच्या 30 डिस्क आहेत आणि त्यातली एकच मरणपंथाला लागली आहे असं धरू. ती पूर्ण बंद पडलेली नाही; वाचताना-लिहिताना मधेच अडखळते, एवढंच. लेखनं सगळीकडे सारखी विखुरलेली असतील, तर कोणतंही एक लेखन तिच्यापर्यंत जाण्याची शक्यता 30 पैकी 3, म्हणजे 10 टक्के. वेगवेगळ्या ठिकाणची 20 लेखनं लागणाऱ्या कामात निदान एक तरी तिच्यात अडकण्याची शक्यता 88 टक्के निघते. 29 डिस्क निरोगी असूनही जवळजवळ प्रत्येक मशीनला त्रास होतो, आणि सरासरीचे आलेख शांत दिसतात. म्हणून माझा आग्रह असतो की सरासरी बाजूला ठेवा आणि प्रत्येक डिस्कची लेटन्सी वेगळी बघा. सर्व्हरवर आयओस्टॅट (डिस्कांना लागणारा वेळ दाखवणारी आज्ञा) चालवा, सेफची स्वतःची डिस्कवार यादी काढा. बाकी सगळ्या 2 मिलिसेकंदांत उत्तर देत असताना एखादी सातत्याने 80 घेत असेल, तर संशयित सापडला. तिचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, वाचाच, पण तो स्वच्छ आला म्हणून तिला सोडून देऊ नका.

सगळ्याच डिस्क सारख्या धीम्या असतील तर प्रश्न डिस्कच्या जातीचा असतो. मिनिटाला 7,200 फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कच्या एका फेऱ्यालाच 8.3 मिलिसेकंद लागतात; विखुरलेली छोटी कामं तिच्याकडून सेकंदाला शंभराच्या आसपासच होतात. एसएसडीतही मोठा भेद आहे. सर्व्हरसाठीच्या एसएसडीत सहसा कपॅसिटर बसवलेले असतात. वीज गेली तर त्यांतल्या साठ्यावर ती हातातलं लेखन पुरं करू शकते, म्हणून आपल्या मेमरीत डेटा येताच निर्धास्तपणे होकार देते. घरगुती वापराच्या एसएसडीला बहुधा तो आधार नसतो. पक्कं लेखन मागितलं की तिला दर वेळी फ्लॅशपर्यंत, म्हणजे कायमच्या साठवणीच्या चिपपर्यंत, जावंच लागतं, आणि खोक्यावर छापलेला वेग कित्येक पटींनी कोसळतो. पैसे वाचवण्यासाठी अशा डिस्क घेऊन उभारलेली क्लस्टर्स रडतात ती इथेच.

मोजणीसुद्धा दुखण्याशी जुळणारी हवी. डीडी या डेटा नकलणाऱ्या आज्ञेने केलेली साधी चाचणी बऱ्याचदा मशीनच्या मेमरीचाच वेग दाखवते. त्यापेक्षा एफआयओ हे डिस्क-चाचणीचं साधन घ्या, 4 केबीची लेखनं, एका वेळी एकच, कॅश टाळून आणि प्रत्येक लेखन पक्कं करायला लावून. हीच चाचणी आधी व्हर्च्युअल मशीनच्या आत करा, मग यजमान सर्व्हरवरून थेट क्लस्टरवर. दोन्हीकडे तोच वेळ आला तर दोष खाली, स्टोरेजमध्ये आहे. आतच जास्त आला तर मशीनची डिस्क जुन्या आयडीई पद्धतीने जोडली आहे की व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेल्या, वेगवान व्हर्टआयओने, हे तपासा.

नेटवर्कमधली एक खोड फार छळते. सर्व्हरांवर 9,000 बाइटची मोठी पॅकेट चालू केलेली असतात आणि मधला एखादा स्विच 1,500 वरच राहून जातो. साधं पिंग (पोहोच तपासायला पाठवलेलं छोटं पॅकेट) व्यवस्थित जातं, छोटे निरोप पोहोचतात, मोठी पॅकेट मात्र गळतात आणि विनंत्या लटकतात. तुकडे न करण्याच्या अटीवर 8,972 बाइटचं पिंग पाठवलं की हे लगेच उघडं पडतं.

आजारी डिस्क बाहेर काढल्यावर क्लस्टर तिच्यावरच्या प्रती इतर डिस्कांवर नव्याने भरू लागतं. ते काम त्याच डिस्कांवरून आणि त्याच नेटवर्कवरून होतं, म्हणून काही काळ मशीन आधीपेक्षाही मंद वाटू शकतात. भरणीचा वेग आवरता येतो, पण फार आवरला तर डेटाच्या प्रती तेवढा जास्त वेळ अपुऱ्या राहतात. दिवसा कामाच्या वेळी थोडा आवरावा, रात्री मोकळा सोडावा. एफआयओची चाचणी पुन्हा करायची ती भरणी पूर्ण झाल्यावरच, आधीच्याच मशीनवर आणि त्याच मापांनी.