एंडोलीक म्हणजे ग्राफ्ट फुटणं नव्हे

महाधमनीच्या फुग्याचं ऑपरेशन झाल्यावर सीटी स्कॅनच्या रिपोर्टात ‘टाइप टू एंडोलीक’ वाचलं की घरच्यांना वाटतं, पोटात रक्त सांडतंय. दोष ‘लीक’ या शब्दाचा. पोटातल्या महाधमनीला फुगा आला तर ऑपरेशनं दोन तऱ्हेची, गळतीही दोन तऱ्हेची.

पोट उघडून केलेल्या ऑपरेशनात फुगा चिरून डेक्रॉन या कृत्रिम कापडाची नळी, म्हणजेच ग्राफ्ट, दोन्ही टोकांना शिवतात. इथे गळलं की रक्त थेट धमनीबाहेर जातं. पूर्वी तर टाक्यांतूनच काय, कापडातूनही झिरपायचं. स्वेटरसारखी विणलेली ती नळी सर्जन आधी रुग्णाच्याच रक्तात भिजवायचे, तेही हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध देण्यापूर्वी. नाहीतर रक्त गोठणार कसं आणि छिद्रं बुजणार कशी? आता कोलाजेन किंवा जिलेटिनचा लेप लावलेल्या नळ्या मिळतात, त्यामुळे तो उद्योग संपला. टाक्यांची गळती मात्र होऊ शकते: नाडी धावते, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन उतरतं, पेशंट परत थिएटरमध्ये. क्वचित काही वर्षांनी जांघेतल्या जोडापाशी ठोके देणारी गाठ येते, तीही याच घराण्यातली.

एंडोलीक होतो तो दुसऱ्या ऑपरेशनात. १९९० साली ब्यूनस आयर्सला सर्जन हुआन पारोदी यांनी जांघेतल्या धमनीतून ग्राफ्ट वर सरकवून फुग्याच्या आत बसवला. टाके नाहीत, स्टेंटच्या म्हणजे धातूच्या जाळीच्या जोरावर तो भिंतीला दाबून बसतो. जुना फुगा जागच्या जागी राहतो. टायरला फुगा आला म्हणून आत दुसरी, धड नळी घातली, असं समजा. ग्राफ्ट आणि जुनी भिंत यांच्यामधल्या पोकळीत रक्त येत राहिलं, तर तो एंडोलीक. रक्त ग्राफ्टच्या बाहेर आहे, धमनीच्या नाही.

मग काळजी कशाची? त्या पोकळीतल्या दाबाची. टाइप वनमध्ये टोकाचा सील सुटलेला असतो, टाइप थ्रीमध्ये ग्राफ्टचे भाग सांध्यात निसटलेले किंवा कापड फाटलेलं. दोन्हींत महाधमनीचा पूर्ण दाब जुन्या भिंतीवर येतो आणि फुगा फुटू शकतो. इथे वाट बघत थांबायचं नसतं. टाइप टू सगळ्यात जास्त दिसतो आणि बहुधा सगळ्यात गरीब: कमरेकडच्या बारीक धमन्यांतून रक्त उलटं पोकळीत येतं. पुष्कळदा ते आपोआप गोठतं.

म्हणून रिपोर्ट हातात आला की ‘लीक’वर अडकू नका. टाइपचा आकडा बघा आणि फुग्याचं माप मागच्या रिपोर्टाशेजारी ठेवा. टाइप टू असून ५८ मिलिमीटरचे ५७ झाले असतील, तर डॉक्टर बहुतेक पुढच्या स्कॅनची तारीख देतील. ५८ चे ६४ झाले असतील, तर उपचाराची चर्चा सुरू होईल. आणि पोटात किंवा पाठीत अचानक कळ येऊन घेरी आली, तर रिपोर्ट शोधत बसू नका, सरळ कॅज्युअल्टी गाठा.