कोंबड्यांच्या आवारात कोबा? जरा थांबा

“कोंबड्या पाळायच्या तर आधी खाली कोबा करा, म्हणजे रोगराई येत नाही,” हा सल्ला नाशकात वर्षानुवर्षं एकाकडून दुसऱ्याकडे जातो. फरशी धुता येते, म्हणून पटतोही. पण तो अर्धाच खरा आहे.

रात्रीच्या खुराड्यात कोबा जरूर करा. घूस, मुंगूस खालून पोखरून येत नाहीत. त्यावर दोन-तीन इंच भाताचं तूस मात्र हवंच. दिवसा फिरायच्या आवारात उघडा कोबा नको. कोंबडी उंचावरून उडी मारते तेव्हा सगळा भार तळव्यावर येतो. खरखरीत कोब्यावर तळवा सोलवटतो, जंतू शिरतात, गाठ धरते. कोंबडी लंगडत असेल तर उचलून तिचा पाय उलटा करून बघा. तळव्याच्या मधोमध टणक, काळी खपली दिसली तर बहुधा हेच दुखणं. शिवाय बिचारीनं उकरायचं कुठं, मातीत लोळून पिसांतल्या उवा घालवायच्या कशा?

खरा शत्रू माती नव्हे, ओल. ओलसर विष्ठेतच रक्ती हगवण फोफावते. निफाडकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात चिखल होतो. तिथं आधी मुरूम टाकून उतार काढा, वर जाड वाळू पसरा. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला भात पिकतो, तिकडच्या गिरणीत तुसाची चौकशी करा. खुराड्यातलं तूस आठवड्यातून दोनदा वरखाली करा आणि मूठभर दाबून बघा: गोळा झाला तर ओल जास्त आहे. खाली वाकल्यावर डोळे चुरचुरले तर अमोनिया साचलाय, तूस त्याच दिवशी बदला.