तव्यावरचे चिकन डंपलिंग

तव्यावरचे चिकन डंपलिंग : मैद्याच्या पातळ पारीत कोंबडीच्या खिम्याचे सारण भरून, आधी तेलावर आणि मग त्याच भांड्यात झाकणाखाली वाफेवर शिजवलेला अर्धचंद्राकृती पदार्थ. बूड खरपूस आणि वरची पारी मऊ, किंचित चिवट, ही याची ओळख. मूळ चिनी. चीनमध्ये या डंपलिंगांना जिआओझी म्हणतात आणि तव्यावर परतलेल्या प्रकाराला ग्वोतिये, म्हणजे शब्दशः ‘तव्याला चिकटलेले’. नाव असे असले तरी खाली चिकटून फाटलेले डंपलिंग कोणालाच नको असते. बूड तव्याला घट्ट लागून भाजावे आणि तयार झाल्यावर अलगद सुटावे, अशी अपेक्षा असते.

चीनच्या वायव्येस तुर्फानजवळ अस्ताना येथील थडग्यांत तांग काळातील (६१८–९०७) वाळलेली डंपलिंग सापडली आहेत. कोरड्या वाळवंटी हवेमुळे ती टिकली, आणि त्यांचा आकार आजच्यासारखाच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर मांचुरियातून (चीनच्या ईशान्य भागातून) परतलेल्या जपानी लोकांबरोबर हा पदार्थ जपानमध्ये रुजला. तेथे त्याचे नाव ग्योझा झाले. चीनच्या उत्तरेत उकडलेल्या डंपलिंगांना पहिला मान असतो, जपानमध्ये मात्र नुसते ‘ग्योझा’ म्हटले की तव्यावरचेच (याकी-ग्योझा) समजतात. ग्योझावरील घरटी वार्षिक खर्चात पहिल्या क्रमांकासाठी उत्सुनोमिया आणि हमामात्सु या शहरांची वर्षानुवर्षे चुरस चालते. २०२१ मध्ये मियाझाकीने दोघांनाही मागे टाकले. नेपाळातील कोथे मोमो आणि कोरियातील गुन-मांडू ही याच कुळातली भावंडे.

परंपरेने सारण डुकराच्या मांसाचे असते, चीनमधील हुई मुस्लिमांत मटणाचे किंवा गोमांसाचे. कोंबडी घेतली की स्वयंपाकाचे गणित थोडे बदलते. डुकराच्या मांसात चरबी भरपूर असते, ती वितळून सारण रसाळ ठेवते. कोंबडीच्या छातीच्या मांसात ती जवळजवळ नसते. त्यामुळे नुसत्या छातीचा खिमा वापरला तर आत कोरडी, रवाळ गोळी तयार होते. मांडीचे मांस घेणे हा सर्वांत सोपा उपाय. छातीचेच असेल तर तीळतेल थोडे सढळ हाताने घालावे.

पदार्थाला ‘तळलेला’ म्हणतात खरे, पण तो जमणे-बिघडणे तेलापेक्षा पाण्यावर अवलंबून असते. कणकेतले, सारणातले आणि तव्यातले अशा तीन पाण्यांचा हिशेब नीट लागला की बाकीचे फारसे चुकत नाही.

कणीक : उकळून खाली ठेवलेले पाणी वापरतात. त्या उष्णतेने मैद्यातील स्टार्च फुगून पाणी धरून ठेवतो आणि ग्लुटेनचे, म्हणजे कणकेला चिवटपणा देणाऱ्या प्रथिनाचे जाळे कमी बनते. म्हणून पारी लाटताना मागे ओढली जात नाही आणि वाफेवर मऊ राहते. उकळत्या पाण्यात सोडायच्या जिआओझीसाठी मात्र थंड पाण्याची कणीक भिजवतात, कारण तेथे चिवटपणा हवा असतो. ३०० ग्रॅम मैद्याला सुमारे १६० मिलिलिटर पाणी पुरते. पाणी ओतताना चॉपस्टिकने किंवा चमच्याने ढवळावे, हात घालण्याजोगे झाले की मळावे आणि अर्धा तास झाकून ठेवावे. यात साधारण ३० पाऱ्या होतात, प्रत्येकी ९ सेंटिमीटर व्यासाच्या. लाटताना मधला भाग जाडसर आणि कडा पातळ ठेवायच्या, कारण मुरड घातल्यावर कडेला दोन थर एकत्र येतात. विकतच्या पाऱ्या सगळीकडे सारख्याच जाडीच्या आणि कोरड्या असतात. त्यांच्या कडेला पाण्याचे बोट फिरवावे लागते, घरच्या ताज्या पारीला त्याची गरज नसते.

सारण : ३०० ग्रॅम खिम्याला १५० ग्रॅम बारीक चिरलेला चिनी कोबी, पातीचा कांदा, किसलेले आले, सोया सॉस, तीळतेल आणि पांढरी मिरी. कोबीला मीठ चोळून १५ मिनिटे ठेवतात आणि मुठीत घट्ट पिळतात. त्याच वेळी खिम्यात मात्र तीन चमचे गार स्टॉक (मांस-हाडे उकळून गाळलेले पाणी) घालतात. एकीकडून पाणी काढायचे आणि दुसरीकडून घालायचे, हे पहिल्यांदा करणाऱ्याला वेडेपणाचे वाटते. कोबीचे पाणी मोकळे असते, ते सुटून पारी ओली करते आणि फाडते. खिमा मीठ घालून एकाच दिशेने जोरात फेटला की त्यातली प्रथिने चिकट होतात आणि स्टॉक आत धरून ठेवतात. तोच स्टॉक खाताना रस म्हणून बाहेर येतो. सगळा स्टॉक एकदम ओतू नये. चमचाभर मुरला की पुढचा. खिमा भांड्याच्या कडेला चिकटून धागे सोडू लागला की झाले, मग कोबी मिसळावा. कच्च्या कोंबडीची चव बघता येत नाही, म्हणून चिमूटभर सारण तव्यावर भाजून मीठ तपासतात.

भरणे : सारण जास्त भरण्याचा मोह सगळ्यांना होतो. चमचाभर, म्हणजे १५ ग्रॅमच्या आसपास पुरे. कळ्या पारीच्या एकाच बाजूला पाडतात. त्यामुळे डंपलिंग आपोआप वाकते आणि सपाट बुडावर बसते. आत हवा राहिली तर वाफेने फुगून शिवण उसवते.

भाजणे : तव्यात चमचाभर तेल तापवून डंपलिंग एकमेकांना न चिकटतील अशी मांडावीत आणि बूड फिकट सोनेरी होईपर्यंत दोन मिनिटे हलवू नये. मग त्यांच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत येईल इतके पाणी ओतून लगेच झाकण घालावे, तेल उडते. तव्यात पाणी आहे तोवर तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फार पुढे जात नाही, म्हणून सात-आठ मिनिटे बूड न करपता आतली कोंबडी शिजते. तिचे आतले तापमान ७४ अंशांपर्यंत जायला हवे. झाकण काढल्यावर कान द्यावा : खदखद थांबून चर्र असा कोरडा आवाज सुरू झाला की पाणी संपले. आता पुन्हा तेलाचे राज्य. मिनिट-दोन मिनिटांत बूड कुरकुरीत होते. ही शेवटची मिनिटे घाईत वगळली तर उरते ते ओलसर, फिकट डंपलिंग.

पाण्यात चमचाभर मैदा किंवा कॉर्नफ्लोअर कालवले तर पाणी आटल्यावर खाली जाळीदार पापुद्रा उरतो. जपानमध्ये त्याला ‘पंख’ म्हणतात. टोक्योतील कामाता भाग त्यासाठी ओळखला जातो. पूर्ण तवा ताटलीवर पालथा घातला तरच हा पापुद्रा अखंड निघतो. सोबत चिनी काळे व्हिनेगर, सोया सॉस आणि मिरचीचे तेल देतात.

उरलेली डंपलिंग कच्चीच, ताटात सुटी मांडून गोठवावीत आणि कडक झाल्यावर पिशवीत भरावीत. शिजवताना वितळू देऊ नयेत, पारी चिकट होऊन फाटते. तशीच तव्यावर ठेवून पाणी थोडे जास्त आणि वेळ दोन-तीन मिनिटे अधिक द्यावा.