पेटी फुटली की माश्या उठून गेल्या?

श्रावण सरत आला की भुदरगड-आजऱ्याकडून मधमाश्यांच्या पेट्या पाळणाऱ्यांचे फोन सुरू होतात. "दादा, पेटी फुटली. आत एक माशी नाही." अहो, एक माशी नाही म्हणजे फुटलेली नाही. फुटलेली पेटी कधी रिकामी नसते.

फुटणं तुम्हाला माहीतच आहे. फुलोरा जोरात असतो, माश्या मावत नाहीत, जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन जवळच्या फांदीला घोस धरते. मागे पेटीत मध असतो, पिल्लं असतात आणि पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखी राणीची घरं. हे भरल्या घराचं लक्षण. वेळीच वाटणी करा, एका पेटीच्या दोन होतील.

उठून जाणं, म्हणजे सगळ्याच माश्यांनी पेटी सोडणं, हे उपाशी नाहीतर पिडलेल्या घराचं. फुलं नाहीत, मुंग्या शिरल्या, पोळ्याला मेणकिडा लागला, किंवा मालक रोज झाकण उघडून बघतोय. आणि सगळ्यात मोठं कारण, उन्हाळ्यात जांभळाचा मध शेवटच्या थेंबापर्यंत काढून घेतलेला असतो. हे माझ्याकडे कुणी कबूल करत नाही.

बऱ्याचदा हे एका रात्रीत होत नाही. राणी आधी अंडी घालायचं थांबवते. आपल्या सातेरीची, म्हणजे इथल्या देशी पेटीतल्या मधमाशीची, कामकरी माशी अंड्यापासून १८ ते २० दिवसांनी निघते, म्हणजे शेवटची पिल्लं बाहेर पडेपर्यंत हातात अडीच-पावणेतीन आठवडे असतात.

घोळ होतो तो उपायात. पाटगावकडच्या एका मधपाळाने जुलैत, माश्या फुटू नयेत म्हणून वर मधकोठी, म्हणजे मध साठवायचा जादा मजला, चढवली. मी झाकण काढलं तेव्हा माश्या जेमतेम दोन चौकटींवर, बाकी पोळी ओस, कडेच्या पोळ्यात मेणकिड्याची जाळी. फुटणाऱ्या पेटीला जागा द्यायची असते, उठणाऱ्या पेटीची काढून घ्यायची असते. रिकामी पोळी बाहेर काढा, दार लहान करा, संध्याकाळी साखरेचा पाक आत ठेवा. तोच पाक भर फुलोऱ्यात दिलात तर पेटी आणखी लवकर फुटेल.

दाराला राणी अडवणारी जाळी लावून निर्धास्त झोपणाऱ्यांचा मला भारी राग येतो. त्याने भूक भागत नाही, राणी तेवढी अडकते एवढंच.

काही जण म्हणतात, "मग मेलिफेरा, ती युरोपातली मधमाशी, आणू, ती सहसा घर सोडत नाही." खरं आहे. पण तिला फुलांमागे गावोगाव फिरवावं लागतं, टेम्पोचं भाडं धरा. आपल्या जंगलाला सातेरीच बरी. लोकांना किती पेट्या वाटल्या ते सगळे मोजतात, पावसाळ्यानंतर किती भरलेल्या उरल्या ते मोजा.

पाऊस लागायच्या आधी एकदा चौकट उचला, उन्हाकडे पाठ करून जरा तिरकी धरा. पोळ्यातल्या घरांच्या तळाशी कणीहून बारीक, पांढरी, उभी अंडी दिसली तर झाकण लावा आणि पेटीच्या वाटेला जाऊ नका. दिसली नाहीत तर त्याच संध्याकाळी पाक करायला घ्या.