पसंती सहा, जागा एक

लंडन आणि आसपासच्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर दिवाळीचे दिवस आले की फराळाच्या ऑर्डरींच्या बरोबरीने एक प्रश्न फिरू लागतो. मूल इयर सिक्समध्ये, म्हणजे प्राथमिकच्या शेवटच्या वर्गात असतं. पुढच्या सप्टेंबरला ते सेकंडरीत, इयर सेव्हनला जाणार असतं. कौन्सिलचा, म्हणजे स्थानिक पालिकेचा, फॉर्म ३१ ऑक्टोबरला बंद होतो. लंडनमध्ये त्यात सहा शाळा पसंतीक्रमाने लिहिता येतात. मग परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या ग्रामर शाळेचं नाव घेऊन कुणीतरी विचारतंच: "पहिल्या नंबरवर ग्रामर टाकली आणि ती हुकली, तर घराजवळची चांगली शाळाही हातची जाईल का हो?"

जात नाही. पण विचारणाऱ्याला खुळ्यात काढण्याचं कारण नाही. आपल्यातले बरेच जण अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचे चटके खाऊन किंवा भाच्या-पुतण्यांना खाताना पाहून आलेले असतात. तिथे पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या फेऱ्यांचा रस्ता बंद. शिवाय खुद्द इंग्लंडमध्येही ही भीती पंधरा-वीस वर्षांपूर्वीपर्यंत अगदी खरी होती. जुने शेजारी अजून त्याच काळातला सल्ला देतात आणि तो आपण ऐकतो. म्हणून हा फॉर्म आला कुठून, ते पाहायला हवं. (पुढचं सगळं इंग्लंडपुरतं. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडची रीत निराळी आहे.)

१८७०च्या कायद्याने गावोगाव स्कूल बोर्डं आली. १९०२च्या कायद्याने ती मोडून काउंटी आणि बरो, म्हणजे जिल्ह्यांच्या आणि शहरांच्या, कौन्सिलांकडे शिक्षण सोपवलं. लोकल एज्युकेशन ऑथॉरिटी, एलईए, तिथून सुरू होते. पण तेव्हा प्राथमिकातून माध्यमिकात 'जाणं' असा काही प्रकारच बहुतेक मुलांच्या नशिबी नव्हता. पाचव्या वर्षी एलिमेंटरी शाळेत जायचं आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी तिथूनच कामाला लागायचं. माध्यमिक शाळा वेगळ्या, फी भरणाऱ्यांच्या. १९०७ साली सरकारने अट घातली की अनुदान घेणाऱ्या माध्यमिक शाळांनी २५ टक्के जागा एलिमेंटरी शाळांतल्या मुलांना मोफत द्याव्यात. आकडा वाचून आरटीई आठवतो खरा, पण आपल्याकडे त्या जागांसाठी सोडत निघते, इथे परीक्षा लागली. अकराव्या वर्षाच्या आसपासची ही स्कॉलरशिप परीक्षा म्हणजे पुढच्या सगळ्या भानगडीचं बी. १९२६ साली हॅडो समितीने अहवाल दिला की अकराव्या वर्षी प्राथमिक शिक्षण संपावं आणि प्रत्येकाला त्यापुढचं वेगळं शिक्षण मिळावं. वय तेव्हा ठरलं, ते बहुतेक ठिकाणी अजून तेच आहे.

प्रत्यक्षात हे घडलं ते १९४४च्या बटलर कायद्याने. माध्यमिक शिक्षण सर्वांना, आणि मोफत. पण कायद्याने शाळांचे प्रकार सांगितले नव्हते. ते त्या काळच्या अहवालांनी आणि सरकारी पत्रकांनी रूढ केले: ग्रामर, टेक्निकल आणि सेकंडरी मॉडर्न. टेक्निकल शाळा फारशा बांधल्याच गेल्या नाहीत. उरल्या दोन, आणि त्यांच्या मध्ये उभी राहिली इलेव्हन प्लस ही अकराव्या वर्षीची निवडपरीक्षा. अंकगणित, इंग्रजी आणि तर्काचे प्रश्न. वरच्यांना ग्रामर, बाकीचे मॉडर्न.

त्या पिढीच्या आठवणींत लिफाफा हमखास येतो. जाडजूड असला तर आत गणवेशाची यादी, म्हणजे ग्रामर. पातळ असला तर आईचा चेहरा आधीच सांगायचा. मुलाची कुवत मोजली गेली असं घराघरांत मानलं जायचं, पण मोजल्या जायच्या त्या जागा. ग्रामरच्या जागा किती, हे त्या-त्या काउंटीने पूर्वी किती शाळा बांधल्या त्यावर अवलंबून. कुठे तिसऱ्या हिश्श्याच्या मुलांना जागा, तर कुठे पाचव्या हिश्श्यालाही नाही. तेवढेच गुण मिळवणारं मूल नदीच्या एका काठावर पास आणि दुसऱ्या काठावर नापास. मुलींची गत आणखी वेगळी. अनेक ठिकाणी मुलामुलींच्या याद्या स्वतंत्र लागत आणि मुलींना पास व्हायला जास्त गुण लागत. बर्मिंगहॅममध्ये मुलींसाठी ग्रामरच्या जागाच कमी होत्या. हा लिंगभेद आहे असं हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवेपर्यंत १९८९ साल उजाडलं.

१९६५ साली मजूर सरकारच्या अँथनी क्रॉसलंड या शिक्षणमंत्र्याने १०/६५ क्रमांकाचं परिपत्रक काढून एलईएंना सर्वांसाठी एकच, म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह, शाळांचे आराखडे मागवले. १९७० साली मार्गारेट थॅचर शिक्षणमंत्री झाल्या आणि त्यांनी ते मागे घेतलं. १९७६ला सक्तीचा कायदा झाला, १९७९ला तो रद्द झाला. या ओढाताणीतून आज १६३ ग्रामर शाळा उरल्या आहेत. केंट, बकिंगहॅमशायर, लिंकनशायर इथे तर जुनी पद्धत जवळपास जशीच्या तशी. स्लाऊ, सटन, बार्नेट या भागांत आपली माणसं घर घेताना ज्या शाळांची नावं घेतात, त्यातल्या काही याच.

बाकी ठिकाणी परीक्षा गेली, मग जागा कोणत्या निकषावर द्यायची? तिथे कौन्सिलच्या अधिकाऱ्याने नकाशा उघडला. ही वस्ती या शाळेची, ही प्राथमिक शाळा त्या माध्यमिकची. लंडनच्या आतल्या भागात आयएलईए नावाचं मोठं प्राधिकरण होतं. ते मुलांचे तर्कचाचणीवरून तीन पट्टे करायचं आणि प्रत्येक शाळेत तिन्ही पट्ट्यांतली मुलं मिसळायला पाहायचं. पालकांना कुणी विचारत नसे असं नाही. १९४४च्या कायद्यात, कलम ७६मध्ये, होतंच की मुलांना पालकांच्या इच्छेनुसार शिकवावं. पण पुढे शेपूट होतं: शिक्षणाची कार्यक्षमता सांभाळून आणि अवाजवी खर्च टाळून. त्या शेपटाला धरून अधिकारी हवं ते करू शकत असे, आणि मला वाटतं बहुतेकदा ते बऱ्या हेतूनेच होत असे. भांडायला जागा मात्र नव्हती.

ती १९८०च्या कायद्याने दिली. पालकाने पसंती सांगायची, शाळेत जागा असेल तर एलईएने ती मानायची, नाकारली तर अपील समितीपुढे जाता यायचं. कायद्यातला शब्द 'पसंती' होता. भाषणांमध्ये मात्र 'निवड' हा शब्द फिरत राहिला, अजून फिरतो. पालक शाळा निवडत नाही. तो पसंती कळवतो, आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले की शाळेच्या नियमांनी मुलं निवडली जातात. १ मार्चला, ऑफर येतात त्या दिवशी, रडारड होते ती या दोन शब्दांमधल्या दरीत.

त्या काळात मुलांची संख्या घटत होती. एलईए लोकप्रिय शाळेच्या जागा मुद्दाम कमी धरायची, म्हणजे उरलेली मुलं ओस पडणाऱ्या शाळांत जावीत आणि त्या जगाव्यात. १९८८च्या कायद्याने हेही बंद केलं. इमारतीत मावतील तितकी मुलं शाळेने घ्यायलाच हवीत, आणि पैसा मुलामागे येईल. आयएलईएही त्याच सुमाराला मोडीत निघाली. पाठोपाठ दोन निकाल आले. ग्रिनिच या लंडनच्या एका बरोला, म्हणजे पालिका-विभागाला, आपल्या रहिवाशांना प्राधान्य द्यायचं होतं, पण हद्दीला खेटून असलेल्या लुइशममधल्या जॉन बॉल प्राथमिक शाळेचं संचालक मंडळ कोर्टात गेलं, आणि १९८९ साली ठरलं की निव्वळ बरोची हद्द ओलांडून आलं म्हणून मुलाला मागे ढकलता येणार नाही. १९९७ला रॉदरहॅमच्या खटल्यात ठरलं की वस्तीत राहतात म्हणून काही न मागता जागा धरून ठेवता येणार नाहीत, ज्यांनी पसंती लिहून दिली त्यांचा विचार आधी. नकाशा घेऊन बसलेल्या अधिकाऱ्याच्या हातून नकाशाही गेला.

नव्वदच्या दशकाचा शेवट त्यामुळे बाजारासारखा झाला. प्रत्येक बरोला वेगळा अर्ज, स्वतःचे प्रवेश स्वतः करणाऱ्या शाळांना आणखी वेगळे. हुशार पालकाच्या खिशात चार-चार ऑफर असत. शेजारच्या घरात एकही नसे, आणि त्या अडवलेल्या जागा सुटत जून-जुलै यायचा. त्यातच अनेक शाळा 'पहिली पसंती पहिल्यांदा' या नियमाने चालत. आम्हाला पहिलं लिहिलंत तरच तुमचं नाव वरच्या ढिगात. म्हणजे हव्या त्या शाळेवर डाव लावायचा आणि हरलात तर दुसरी शाळा केव्हाच भरलेली. व्हॉट्सॲपवरची भीती ती हीच.

२००२च्या कायद्याने एकत्रित प्रवेश आणले. २००५च्या सप्टेंबरच्या प्रवेशांपासून लंडनच्या सगळ्या ३२ बरोंचे आणि सिटी ऑफ लंडनचे अर्ज एका यंत्रणेत आले. राहता त्या कौन्सिलला एकच फॉर्म, उत्तर एकाच दिवशी, ऑफर एकच. मग २००७च्या प्रवेशसंहितेने, म्हणजे शाळाप्रवेशांच्या सरकारी नियमावलीने, 'पहिली पसंती पहिल्यांदा' हा प्रकार बेकायदा ठरवला.

आता आत काय घडतं ते एका मुलीवरून पाहू. समजा रियाने क्रमाने तीन शाळा लिहिल्या: ग्रामर, चर्चच्या मागची आणि कोपऱ्यावरची. तिन्ही शाळांच्या यादीत तिचं नाव जातं, पण तुम्ही आम्हाला कितवं लिहिलंत ते शाळेला कळत नाही. प्रत्येक शाळेची क्रमवारी तिच्या निकषांवर लागते. ज्याच्या विशेष गरजांच्या आराखड्यात शाळेचं नाव आहे ते मूल क्रमवारीच्या आधीच घ्यावं लागतं. मग सरकारी देखभालीत असलेली मुलं, पुढे बहुधा भावंडं, मग अंतर. चर्चशी जोडलेली शाळा असेल तर उपासनेची हजेरीही पाहतात, ग्रामरमध्ये गुण. रिया चर्चच्या मागच्या आणि कोपऱ्यावरच्या अशा दोन्ही शाळांत बसत असेल, तर तिच्या क्रमात वर असलेली राखली जाते आणि कोपऱ्यावरची सुटते. सुटलेली जागा रांगेतल्या पुढच्या मुलाला. त्याच्याकडे आधी खालची कुठली होती ती तो सोडतो, ती आणखी कुणाला. बरोंच्या संगणकांमध्ये ही साखळी काही दिवस मागे-पुढे फिरते, हलायचं थांबली की संपली.

डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी १९६२ साली लिहिलेला शोधनिबंध कॉलेजप्रवेश आणि लग्नं जुळवणं या दोहोंवर होता. स्थळाला तात्पुरता होकार द्यायचा, जास्त चांगलं आलं तर मोडायचा, असं शेवटपर्यंत. या विषयातल्या कामासाठी शॅप्लींना २०१२ साली अल्विन रॉथ यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. इयर सेव्हनची ऑफर त्याच जातीची. म्हणून मनात जो क्रम आहे तोच लिहावा, डावपेच करू नयेत. फक्त घराजवळची, हमखास मिळेल अशी एक शाळा यादीत असू द्यावी. सहाच्या सहा स्वप्नं लिहिली आणि एकही लागली नाही, तर कौन्सिल उरलेल्या जागांतली देतं, आणि ती दोन बस बदलून जायची असू शकते.

यातलं अंतर हे प्रकरण मात्र कुठल्याच गणिताने सुटलेलं नाही. बऱ्याच ठिकाणी ते सरळ रेषेत, नकाशाच्या संगणकावर मोजलं जातं. मागच्या वर्षी शेवटची जागा किती अंतरापर्यंत गेली तेही कौन्सिल छापतं, मैलाच्या दशांश चिन्हानंतर तीन आकड्यांपर्यंत. आम्ही भाड्याचं घर शोधत होतो तेव्हा एजंटने स्वयंपाकघर दाखवण्याआधी तो आकडा सांगितला होता. मग भाड्याचे खोटे पत्ते आले, आजीचे पत्ते आले, आणि कौन्सिलं पहारे करू लागली. २००८ साली पूल (Poole) या शहराच्या कौन्सिलने एका कुटुंबावर जवळजवळ तीन आठवडे पाळत ठेवली, तीही गंभीर गुन्ह्यांच्या तपासासाठी ओळखल्या जाणाऱ्या कायद्याचा आधार घेऊन. कुटुंब खरंच तिथे राहत होतं. २०१०ला न्यायाधिकरणाने ती पाळत बेकायदा ठरवली.

ब्रायटनने दुसरा रस्ता धरून पाहिला. २००८च्या प्रवेशांसाठी शहराचे भाग पाडले, आणि भागातल्या शाळेला अर्ज जास्त आले की अंतर मोजण्याऐवजी सोडत काढायची. केवढा गहजब झाला! टेकडीवर शाळेशेजारी महागाचं घर घेतलेल्यांना ती फसवणूक वाटली. पुढच्या सरकारच्या २०१२च्या संहितेने सगळ्या शाळांसाठी सोडत हाच मुख्य निकष ठेवायला कौन्सिलांना मनाई केली. आरटीईची सोडत पाहिलेल्यांना या रागाची गंमत वाटेल. शाळेपासूनच्या मीटरांवर पैसे मोजले की सोडत अन्याय वाटू लागते.

२०१०नंतर अकॅडमींची, म्हणजे सरकारी पैशावर पण कौन्सिलऐवजी ट्रस्टने चालवलेल्या शाळांची, लाट आली. आज बहुतेक सेकंडरी शाळा अकॅडमी आहेत. त्यांचे प्रवेशाचे निकष ट्रस्ट ठरवतो, जागांची संख्याही तोच ठरवतो. कौन्सिल फॉर्म घेतं, याद्या जुळवतं आणि १ मार्चला संध्याकाळी ईमेल पाठवतं. पालक शिव्या कौन्सिललाच घालतात. देशभरात साधारण दहापैकी आठ मुलांना पहिल्या पसंतीची शाळा मिळते, लंडनमध्ये साधारण सात जणांना. नाही मिळाली तर वेटिंग लिस्ट, आणि तीही आधी आला त्याची नसते. तुम्ही चौथे असता, कुणीतरी शाळेजवळ घर बदलतं आणि तुम्ही पाचवे होता.

मुलांची संख्या पुन्हा घटू लागली आहे. लंडनच्या आतल्या बरोंमध्ये जन्मही कमी, आणि भाडी परवडेनात म्हणून तरुण कुटुंबं बाहेर निघालेली. हॅकनीत २०२४ साली दोन प्राथमिक शाळा बंद झाल्या आणि चार शाळांचं विलीनीकरण होऊन दोन उरल्या. ही तूट आता इयर सेव्हनपर्यंत येऊन पोचते आहे. १९८०च्या सुमाराला अशी वेळ आली तेव्हा भरलेल्या शाळेच्या जागा कमी करून रिकाम्या शाळेला मुलं पुरवणारा अधिकारी कौन्सिलमध्ये बसलेला होता. आता त्याच खुर्चीवरचा माणूस अकॅडमीच्या ट्रस्टला पत्र लिहून विचारतो की पुढच्या वर्षी तीस जागा कमी करता येतील का.